वारा पाठीवर आणि धूर डोक्यावरून: बोगद्यातली आग समजून घेताना

प्रश्न असा आहे: "बोगद्यात एवढे मोठाले पंखे असतात, हवा सतत खेळती असते. मग आग लागल्यावर धूर एका तोंडाने बाहेर घालवायला अडचण काय? वाऱ्याच्या उलट दिशेलाही धूर जातो म्हणतात, ते कसं शक्य आहे? आणि आपण आत अडकलोच तर पळायचं कुठे?"

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो नीट कळला की बाकीच्या दोन्हींचं अर्धं उत्तर मिळतं.

माझं काम बोगद्यांच्या वायुवीजनाचं. आकडेमोड करायची, पंखे बसले की चाचण्या घ्यायच्या आणि बोगदा वाहतुकीला खुला होण्याआधी आत मुद्दाम आग लावून धूर कसा वागतो ते बघायचं. अशा पहिल्या चाचणीला मी आगीपासून वीसेक मीटरवर, वारा येतो त्या बाजूला उभा होतो. लोखंडी ट्रेमध्ये इंधन पेटवलेलं. हातातला वेगमापक दीड मीटर प्रतिसेकंद दाखवत होता. पाठीवर वारा लागत होता, शर्ट पुढच्या बाजूला फडफडत होता, ज्वाळाही माझ्यापासून लांब, पुढे झुकलेल्या. सगळं कागदावरच्यासारखं. मग शेजारच्याने वर बोट दाखवलं. छताला चिकटून एक काळपट जिभेसारखा थर सरपटत आमच्याच दिशेने येत होता. खाली वारा एकीकडे, वर धूर दुसरीकडे, आणि मधे जेमतेम हातभर जाडीचा थरथरणारा पट्टा. आमच्या डोक्याच्या जरा मागे जाऊन त्या थराचं टोक खाली वळलं, वाऱ्यात सापडलं आणि परत आगीकडे ओढलं गेलं. मिनिटभर ते तिथेच घुटमळत राहिलं.

या उलट्या सरपटण्याला आमच्यात बॅकलेअरिंग म्हणतात. कारण साधं आहे. साध्या तापमानाची हवा घनमीटरला सव्वा किलोच्या आसपास भरते. तीच हवा तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापली की निम्म्यावर येते. हा हलका धूर सरळ वर जातो, छतावर आदळतो आणि वाट मिळेल तिकडे, म्हणजे बोगद्याच्या दोन्ही दिशांना पसरतो. मोकळ्या मैदानात त्याला वर आभाळ असतं, इथे पाच-सहा मीटरवर छत. छताखाली पसरणाऱ्या या थराला स्वतःचा जोर असतो. समोरून येणारा वारा त्या जोरापेक्षा कमी पडला तर धूर वाऱ्याविरुद्ध पुढे सरकतो. सरकताना तो छताला आणि भिंतींना उष्णता देत थंड होतो, जोर घटतो आणि कुठेतरी वाऱ्याशी बरोबरी होऊन थांबतो. वारा कमी असेल तर हे 'कुठेतरी' शेकडो मीटरवरही असू शकतं.

धुराला एक पाऊलही मागे येऊ न देणारा जो किमान वेग, तो क्रिटिकल व्हेलॉसिटी. रस्त्याच्या नेहमीच्या बोगद्यात मोठ्या आगीसाठी तो अडीच ते तीन मीटर प्रतिसेकंद असतो. हा आकडा नुसता सूत्रातून आलेला नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये मेमोरियल टनेल नावाचा वापरातून गेलेला रस्त्याचा बोगदा होता. १९९३ ते १९९५ या काळात त्यात ९८ चाचण्या झाल्या, १० मेगावॅटपासून १०० मेगावॅटपर्यंतच्या खऱ्या आगी पेटवून. छताला लटकवलेल्या जेट फॅननी एवढा वेग राखला तर १०० मेगावॅटच्या आगीचा धूरही मागे येत नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसलं.

इथे एक गंमत आहे. आग दुप्पट झाली म्हणून वाराही दुप्पट लागतो असं नाही. लहान आगीत हा वेग आगीच्या ताकदीच्या घनमुळाने वाढतो, म्हणजे आग आठपट झाली तर वेग दुप्पट. आणि एका टप्प्यानंतर तर तो वाढायचाच थांबतो, कारण ज्वाळा स्वतःच छताला भिडलेली असते. त्यापुढे आग वाढली की ज्वाळा छताखाली लांबत जाते, पण छतापाशी जी उष्णता आहे ती आणखी फारशी चढत नाही. या शोधामुळे आमचं काम बरंच सोपं झालं. आगीच्या आकाराचा अंदाज थोडा चुकला तरी वाऱ्याचा अंदाज फार चुकत नाही.

मेगावॅट म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. एक मोटार पेटली तर साधारण ५ मेगावॅट, बस २० ते ३०. मालाने भरलेला ट्रक मात्र भरवशाचा नाही. २००३ साली नॉर्वेत रुनेहामारच्या सोडलेल्या बोगद्यात ट्रकभर लाकडी पॅलेट, प्लॅस्टिक, फर्निचर असा नेहमीचा माल रचून पेटवला. त्यात काहीच ज्वालाग्राही म्हणून नोंदलेलं नव्हतं. तरी आगी ६६ पासून थेट २०० मेगावॅटच्या पलीकडे गेल्या. तोवर 'ट्रक म्हणजे ३० मेगावॅट' असं धरून किती बोगदे आखले गेले असतील, याचा विचार न केलेला बरा.

मग कुणीही विचारेल, तीन मीटर वेग पुरतो ना? मग आग दिसताच पंखे पूर्ण जोरात लावा आणि मोकळे व्हा. इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे.

तीन मीटरचा वारा धूर नाहीसा करत नाही, तो धूर आगीच्या पुढच्या बाजूला नेऊन टाकतो. आणि नेताना त्याचा सुंदर थर मोडतो. वाऱ्याने ढवळला नाही तर आगीपासून काही शे मीटरपर्यंत धूर छताखाली वेगळा राहतो आणि खाली माणूस ताठ उभा राहून चालू शकेल एवढी स्वच्छ हवा उरते. वेग एक-दीड मीटरच्या वर गेला की पुढच्या बाजूचा हा थर विस्कटायला लागतो. तीन मीटरला तर पुढच्या बाजूला छतापासून रस्त्यापर्यंत एकच काळोख. आता हिशोब करा. तीन मीटरने चालणारा धूर मिनिटाला १८० मीटर जातो. घाबरलेला, पण धडधाकट माणूस मिनिटाला ७०-७५ मीटर चालतो. एकदा धुरात सापडला की तेवढाही नाही. जपानमध्ये जिन नावाच्या संशोधकांनी माणसांना धुरातून चालवून मोजमापं घेतली होती. डोळ्यांना झोंबणाऱ्या दाट धुरात चालण्याचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरवर येतो. डोळे मिटलेले, एक हात भिंतीवर. आगीच्या ज्वाळा कुठेतरी लांब मागे असतात, माणूस मरतो तो कार्बन मोनॉक्साइडने, तेही बहुतेक वेळा वाट न दिसल्यामुळे.

म्हणून पंखे किती जोरात लावायचे हा आमचा दुसरा प्रश्न असतो. पहिला असतो: माणसं आगीच्या कोणत्या बाजूला आहेत?

एकमार्गी बोगदा आणि मोकळी वाहतूक असेल तर उत्तर सोपं. आगीच्या पुढच्या गाड्या निघून गेलेल्या असतात, मागच्या अडकलेल्या असतात. वारा गाड्यांच्याच दिशेने. धूर रिकाम्या बाजूला जातो, अडकलेल्यांना ताजी हवा मिळते, अग्निशमन दलही त्याच बाजूने येतं. जेट फॅनची रचना यासाठीच शोभते. पण पुढे वाहतूक कोंडी झाली असेल, किंवा एकाच बोगद्यातून दोन्ही दिशांची वाहतूक असेल, तर माणसं आगीच्या दोन्ही बाजूंना. जिकडे धूर ढकलाल तिकडे कुणीतरी आहेच. अशा वेळी जोरात पंखे लावणं म्हणजे कुणाला वाचवायचं याचा निकाल देणं. तिथे वारा मुद्दाम कमी, एक ते दीड मीटरच्या आत ठेवतात. धुराचा थर शाबूत राहू देतात आणि आगीजवळची छतातली झाकणं उघडून धूर वरच्या डक्टमधून, म्हणजे छतावरच्या हवेच्या बंदिस्त मार्गातून, ओढून घेतात. झाकणं फक्त आगीजवळचीच उघडायची. सगळी उघडली तर पंखा दूरवरची स्वच्छ हवाच ओढत बसतो. बंद झाकणांच्या फटींतून होणारी गळती हा आणखी एक नेहमीचा चोर. आकडेमोडीत ती नगण्य दिसते, प्रत्यक्षात लांब डक्टमध्ये ओढीचा मोठा वाटा खाऊन जाते.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे मों ब्लां. २४ मार्च १९९९. फ्रान्स आणि इटलीला जोडणारा ११.६ किलोमीटरचा, दुतर्फा वाहतुकीचा बोगदा. फ्रान्सकडून आत शिरलेला ट्रक मध्याच्या जवळपास येऊन थांबला. त्यात होतं पीठ आणि मार्गारिन. स्फोटकं नाहीत, रसायनं नाहीत, स्वयंपाकघरातल्या वस्तू. त्या दिवशी नैसर्गिक वारा इटलीकडून फ्रान्सकडे वाहत होता. त्यात ताजी हवा सोडायला आणि गरज पडली तर धूर ओढायला असे दोन्ही कामांचे जे डक्ट होते, ते इटलीच्या बाजूने ओढण्याऐवजी हवा आत सोडत राहिले. झालं ते उघड आहे: धूर फ्रान्सच्या बाजूला, म्हणजे ट्रकच्या मागे थांबलेल्या गाड्यांच्या रांगेवर गेला. ३९ माणसं गेली आणि आग ५३ तास धुमसत होती. यंत्रणा नव्हती असं नाही, यंत्रणा होती, पंखेही फिरत होते. दोन टोकांना दोन नियंत्रण कक्ष आणि धुराला कोणत्या बाजूला जाऊ द्यायचं नाही याचा एकत्र निर्णय नाही, अशी ती अवस्था होती. त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्ट्रियातल्या टाउर्न बोगद्यात १२, २००१ च्या ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडच्या गोट्टहार्डमध्ये ११ जण गेले. त्यानंतर २००४ मध्ये युरोपीय संघाने महामार्गांच्या बोगद्यांसाठी किमान सुरक्षेचे नियम बंधनकारक केले, त्यात दुतर्फा वाहतुकीच्या बोगद्यात लांबीच्या दिशेने वारा ढकलण्यावर मर्यादा आल्या.

अझरबैजानमधल्या बाकूच्या मेट्रोत तर दिशा मधेच बदलली. २८ ऑक्टोबर १९९५ ला दोन स्टेशनांच्या मधे गाडी पेटून थांबली. प्रवासी मुख्यतः एका बाजूने चालत निघाले होते. काही वेळाने वायुवीजनाची पद्धत बदलली गेली आणि धूर नेमका त्याच बाजूला ओढला गेला. जवळपास २९० माणसं मेली. आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे: माणसं चालायला लागली की पंख्याची दिशा बदलायची नाही, अगदी पहिली दिशा चुकली होती असं वाटलं तरी आधी दहा वेळा विचार करायचा.

आणि दिशा बदलणं बटण दाबण्याइतकं झटपट नसतंच. बोगद्यातली हवा दिसत नाही म्हणून हलकी वाटते. ६० चौरस मीटर छेदाच्या, तीन किलोमीटरच्या बोगद्यात दोनशे टनांहून जास्त हवा असते. सेकंदाला चार मीटरने चाललेली ती दोनशे टनांची गाडी समजा. पंख्यांचा निव्वळ एक टनाचा रेटा लावला तर ती नुसती थांबायला दीड मिनिट जातं, उलटी फिरायला आणखी. त्याआधी पंख्यांची पाती थांबून उलटी फिरायला वेळ लागतो तो वेगळा. तेवढ्यात ट्रकच्या केबिनची आग मालापर्यंत पोचते.

उताराचं वेगळंच प्रकरण आहे. चढ असलेल्या बोगद्यात तापलेल्या हवेचा स्तंभ तयार होतो आणि बोगदा चुलीच्या धुराड्यासारखा ओढ घेतो. चार टक्के चढ, पाचशे मीटर लांबीपर्यंत धुराचं सरासरी तापमान शंभर अंश, एवढंच धरलं तरी ही ओढ पन्नास पास्कलच्या घरात जाते. ती उलटवायला चांगल्यापैकी तीन-चार जेट फॅन खर्ची पडतात. म्हणजे धूर उताराकडे ढकलायचा असेल तर तुमचे तीन-चार पंखे आगीने आधीच वजा केलेले असतात. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या कॅल्डेकॉट बोगद्यात पेट्रोलचा टँकर पेटला तेव्हा धूर चार टक्क्यांच्या चढावरून वर गेला आणि वरच्या बाजूला असलेली माणसं त्यात सापडली. सात जण गेले.

टोकाचं उदाहरण ऑस्ट्रियातल्या काप्रूनचं. ११ नोव्हेंबर २०००, स्कीइंगला जाणाऱ्यांची डोंगर चढणारी केबल रेल्वे, भरपूर चढाचा अरुंद बोगदा. आग गाडीच्या खालच्या टोकाला लागली. बहुतेक लोक आगीपासून दूर, म्हणजे वर पळाले. आगीपासून दूर पळणं ही उपजत बुद्धी, तिला दोष कसा देणार? पण धूर त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगाने त्याच दिशेला येत होता. १५५ जण मेले. त्यात बोगद्याच्या वरच्या टोकाला असलेले तिघंही होते, आगीपासून एवढ्या लांब असूनही. त्या गाडीतले जे बारा जण वाचले ते आगीच्या शेजारून खाली उतरले होते.

खाणीतल्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ज्या वाटेने हवा खाली उतरते त्या वाटेत आग लागली की ते जास्त धास्तावतात, कारण आगीची वरची ओढ पंख्याला भारी पडली तर अख्ख्या वाटेतला वारा उलटतो आणि ताजी हवा ज्या बाजूने येत होती तिथूनच धूर यायला लागतो.

आग स्वतःच वाऱ्याला अडवते, हे फारसं कुणी सांगत नाही. तापलेली हवा फुगते, तेवढ्याच छेदातून जास्त आकारमान जायला लागतं, घर्षण वाढतं. म्हणजे आगीच्या जागी बोगदा जणू आवळला जातो. आणि आगीपुढच्या गरम, विरळ हवेत जेट फॅनचा रेटाही त्याच प्रमाणात घटतो, कारण पात्यांना ढकलायला वजनच कमी मिळतं. हे फॅन २५० अंशांत तासभर किंवा ४०० अंशांत दोन तास टिकतील अशा कसोटीचे घेतात. पण ऐन आगीवर लटकलेले गेलेच म्हणून धरून चालायचं. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त फॅन बसवले की 'पैसे वाया' म्हणणाऱ्यांशी दरवेळी तोच वाद. आगीजवळचे फॅन शाबूत असले तरी लावू नयेत. सेकंदाला तीसेक मीटरचा त्यांचा झोत छताखालच्या थरात घुसला की थराची भाजी होते. दूरचे लावावेत, वारा तिथून आपोआप येतो.

पाण्याच्या फवाऱ्याबद्दल लोक दोन टोकांना बोलतात. फवारा धूर थंड करून खाली आणतो, थर मोडतो, हे खरं आहे. म्हणून एके काळी युरोपात त्याला नाकं मुरडली जायची. पण आग लहान राहिली तर धूरच कमी. मेलबर्नच्या बर्नली बोगद्यात २३ मार्च २००७ ला ट्रक आणि मोटारींची टक्कर होऊन आग लागली. टकरीत सापडलेले तीन जण गेले. पण फवारे आणि धूर ओढण्याची यंत्रणा काही मिनिटांतच सुरू झाली आणि आत अडकलेले शेकडो लोक सुखरूप चालत बाहेर आले. माझं मत फवाऱ्याच्या बाजूने आहे, अट एकच: लवकर सुरू व्हायला हवा. आग शंभर मेगावॅटला पोचल्यावर वाट बघत बसलेल्या ऑपरेटरने तो सोडला तर टीकाकारांचं म्हणणं खरं ठरतं.

एक फजिती सांगतो. एका बोगद्याच्या अंतिम चाचणीत पडद्यावर सगळे फॅन हिरवे, सगळ्यांचे बाण एकाच दिशेला. वेग मात्र अपेक्षेच्या पाऊणपटच. दिवसभर आम्ही बाहेरच्या वाऱ्याला, उभ्या केलेल्या ट्रकना, वेगमापकाला दोष देत होतो. संध्याकाळी शिडी लावून एकेका फॅनच्या जाळीला कापडी फीत बांधली. दोन फॅनच्या फिती बाकीच्यांच्या उलट फडफडायला लागल्या. वायरिंग करताना दोन फेजची अदलाबदल झाली होती. पडद्याला फक्त एवढंच कळत होतं की आपण 'पुढे' असा हुकूम दिला. प्रत्यक्ष पाती कुठे फिरताहेत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याआधीचा चाचणी-अहवाल माझ्याच सहीचा होता.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे, आत अडकलात तर काय. गाडीत बसून राहू नका, काचा बंद केल्याने धूर थांबत नाही. किल्ली गाडीतच ठेवा म्हणजे ती हलवता येईल. आग तुमच्यापुढे असेल आणि वारा तुमच्या पाठीवर असेल तर तुम्ही बऱ्या बाजूला आहात, आल्या दिशेने मागे चाला. छताखाली धुराचा थर दिसतोय पण खाली स्वच्छ आहे, हा तुमचा वेळ आहे. तो फोटो काढण्यात घालवू नका, कारण थर कोणत्याही क्षणी खाली बसतो. बोगद्याचं तोंड गाठण्याचा हट्ट धरू नका, वाटेत भिंतीत जे पहिलं सुटकेचं दार लागेल ते घ्या. धुरात साधी पाटी दिसते त्याच्या अडीचपट लांबून आतून उजळलेली दिसते, तेव्हा उजेड शोधा. तोही दिसेना झाला तर एक हात भिंतीवर ठेवून चालत राहा, दार भिंतीतच असतं. आणि दार ढकलायला जड लागलं तर ते कुलूपबंद आहे असं समजून पुढे जाऊ नका. धूर आत येऊ नये म्हणून पलीकडे हवेचा दाब मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. खांदा लावा, उघडतं.